उजव्या पायाचे ठिपके

नाताळ अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की दुःख सोसल्याने ख्रिस्ती माणसाचा स्वभाव कसा पिकत जातो यावर काहीतरी लिहा. आमच्या पाळकांनी माझं नाव सुचवलं म्हणे. मी बायकोला म्हटलं, हे शिकलेल्या लोकांचं काम, मी पडलो चपला शिवणारा. ती म्हणाली, मग चपलांचं लिहा. तेव्हा हे चपलांचं आहे. कुणाचा स्वभाव पिकला आणि कुणाचा कच्चा राहिला ते ज्याचं त्याने बघावं.

सत्तरच्या दशकात मी सांगलीपासून बसने तासाभरावर असलेल्या एका मिशनच्या कुष्ठधामात चपलांचा कारखाना चालवत होतो. कारखाना म्हणजे एक पत्र्याची खोली, एक शिलाई मशीन, रापी, आरी आणि मी. सगळे मला शमुवेल मास्तर म्हणत, कारण रविवारी मी शास्त्राचा वर्गही घेत असे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, या रोगाने बोटं झडतात. तसं नसतं. रोग फक्त कातडीखालची जाण मारतो. पाय बधिर होतो, पुढचं काम खडे, काटे, निखारे आणि खिळे करतात. तुमच्या-माझ्या पायात बाभळीचा काटा गेला तर आपण तिथेच बसकण मारू. बधिर पायाचा माणूस त्याच काट्यावर आठवडाभर चालतो, मजेत गप्पा मारत. दुष्काळाच्या साली खडी फोडायच्या कामावरून एक बाई आमच्याकडे आली होती. तिच्या तळव्यात दगडाची बोटाएवढी कपची रुतलेली होती आणि ती सांगत होती, पाय जरा जड वाटतोय. तिचा पाय हातात धरताना माझ्या अंगावर काटा आला होता, आणि ती माझ्याकडे बघून हसत होती.

अशा पायांसाठी मऊ काळ्या रबराच्या चपला लागतात. पहिला नियम, चपलेत खिळा मारायचा नाही. सगळं शिवायचं नाहीतर चिकटवायचं, कारण खिळा कधीतरी वर येतोच आणि ज्याला टोचतो त्याला ते कळत नाही. दुसरा नियम, चप्पल अगदी पायाच्या मापाची हवी. म्हणून प्रत्येकाच्या पायाचा शाईने कागदावर ठसा घ्यायचा आणि वाकडे पाय असले तर प्लास्टरचा साचा करायचा. साचे मी भिंतीवरच्या फळ्यांवर मांडून ठेवले होते. पांढरे पाय, ओळीने. कुणाला तीन बोटं, कुणाला एकही नाही. त्यातली काही माणसं वारलेली होती, पण साचे टाकवत नसत. दुपारी पत्रा तापून वाजायला लागला की ते फळीवर किंचित हलायचे. नवा माणूस माझ्या खोलीत आला की आधी दारातच थांबायचा.

वॉर्डात मांजरं पाळलेली होती, ती हौसेने नव्हे. बधिर बोट उंदराने कुरतडलं तरी झोपलेल्याला पत्ता लागत नाही. एकजण सकाळी उठून चहाचा कप धरायला गेला तेव्हा त्याला कळलं की करंगळीचं टोक गेलं. त्यानंतर डॉक्टरसाहेबांनी मांजरांच्या दुधाची सोय केली.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. कोरेगावकडचे एक हवालदार होते, पलटणीतून सुटून आलेले. ते म्हणायचे, "मास्तर, आशी चप्पल करा की यष्टीतला कंडक्टर वळकणार न्हाई." काळं रबर दिसलं की कंडक्टर त्यांना खाली उतरवायचा. मी वरून बुटासारखं कातडं चढवून दिलं तेव्हा त्यांनी मला सलाम ठोकला.

रोज संध्याकाळी प्रत्येकाने आपले तळवे आरशात बघायचे असा आमच्याकडे दंडक होता. दुखत नाही तर डोळ्यांनी बघा. हे बघायला लावण्याचं काम माझं. मी त्यात कडक होतो, हे सौम्य शब्दांत सांगतोय. कुणी कंटाळा केला की मी सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढायचो. रविवारच्या वर्गात मी भट्टीतल्या सोन्यावर तासन्तास बोलायचो. सोसा, तक्रार करू नका, दुःखाने माणूस पिकतो. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि रहिमतपूरच्या एका शिक्षकाच्या मुलीशी माझं लग्न ठरलं होतं. सरसाचं उकळतं भांडं एकदा माझ्या पायावर सांडलं, फोड आले, पण मी हूं की चूं केलं नाही. ही गोष्ट मी वर्गात दोनदा सांगितली होती. सहनशीलता कशी असते याचं उदाहरण म्हणून.

आमच्या वर्गात राहेलमावशी बसायच्या, दाराजवळ, भिंतीला टेकून. वय पंचेचाळीसच्या पुढचं. मूळ शिरवळकडच्या. सासरी त्यांनी सात वर्षं रोग लपवला होता. लुगड्याचा काठ पायावर ओढून घ्यायच्या, चुलीपाशी भाजलं तरी दाखवायच्या नाहीत. कळलं त्या दिवशी नवऱ्याने त्यांना बाहेर काढलं. चार वर्षांचा दाविद घरात राहिला. त्यानंतर सतरा वर्षं त्यांनी मुलाला पाहिलं नव्हतं.

त्यांचं आणि माझं एका गोष्टीवरून वाजायचं. आपल्याकडे देवळात जाताना पायताण बाहेर काढतात, आम्ही ख्रिस्ती लोकही खेड्यात तेच करतो. पण डॉक्टरसाहेबांचा हुकूम होता की रोग्यांनी देवळातसुद्धा चपला काढायच्या नाहीत, फरशीवरचा बारीक खडाही पुरतो. तेव्हा आमच्याकडे उलटं चाले. रोगी चपला घालून आत, आणि आम्ही धडधाकट चारजण अनवाणी. मावशींना ते लागायचं. देवाच्या घरात पायताण घालून बसायला जीव धजत नाही, म्हणायच्या. मी त्यांना गप्प करायचो. मनात मात्र दारात चपला काढताना मला जरा बरं वाटायचं, हे आता कबूल करायला हवं.

पंच्याहत्तरच्या आसपासच्या हिवाळ्यात दाविदचं पत्र आलं. तो पाचगणीला एका बोर्डिंग शाळेत स्वयंपाकी होता. बाप वारला होता, लग्न ठरलं होतं, तीन आठवड्यांवर आलं होतं. लिहिलं होतं, आई, तू ये, पुढच्या बाकावर बस. पत्र मीच वाचून दाखवलं. मावशींनी ते माझ्याकडून आणखी चार वेळा वाचून घेतलं आणि मग म्हणाल्या, "मास्तर, मला दवाखान्यातली वाटणार न्हाई आशी चप्पल करून द्या." मी डाळिंबी रंगाच्या कातड्याचे पट्टे लावून जोड केला. मला वाटतं माझ्या हातून झालेला तो सगळ्यात चांगला जोड. त्यांच्या उजव्या तळव्याला जखम होती, पण भरत आली होती. डॉक्टर म्हणाले, जपलंत तर जाल.

त्याच आठवड्यात देवळात ठिपके दिसले.

सकाळची प्रार्थना उजाडताना व्हायची. मी कुलूप काढायचो, पुढे जाऊन व्यासपीठावरचं पुस्तक उघडायचो, मग घंटा. त्या दिवशी लोक बसले आणि कुणीतरी खाली बोट दाखवलं. शहाबादी फरशीवर दारापासून व्यासपीठापर्यंत रक्ताचे ठिपके होते, चार आण्याच्या नाण्याएवढे. दोन पावलांत एक, सगळे उजव्या पायाचे.

रोग्यांपैकी कुणीतरी चप्पल काढून चाललंय, हे उघड होतं. डॉक्टरांनी सगळ्या रोग्यांना ओळीत बसवून तळवे बघितले. मावशींच्या जखमेची खपली ओलसर होती. मी पुढे होऊन सांगितलं की याच देवळात चप्पल काढायचा हट्ट धरतात. डॉक्टरांनी त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग मान खाली घालून म्हणाल्या, "आसंल, सायेब."

नियम ठरलेला होता. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आणि सहा आठवडे खाटेवरून उतरायचं नाही. लग्न गेलं. त्या रडल्या नाहीत, बोलल्या नाहीत. मला वाटलं, चूक केली आहे म्हणून गप्प आहेत. डाळिंबी जोड मी साच्यांच्या फळीवर ठेवून दिला.

आठ दिवसांनी ठिपके पुन्हा दिसले. मावशी खाटेवर होत्या, प्लास्टरमध्ये.

या वेळी लोक बोलायला लागले. आमच्याकडे सीताराम म्हणून एकजण आदल्या पावसाळ्यात वारला होता. त्याचा डावा पाय कापलेला, उजव्या पायावर कुबडी घेऊन तो सगळ्यात आधी देवळात यायचा. एकाच पायाचे ठिपके, तेही उजव्या. आणखी काय पाहिजे? हवालदार, युद्धावर जाऊन आलेला माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, आमी आता येत न्हाई देवळात. सीताराम काय तरी मागतुया." मी त्यांना झापलं. पण कारखान्यात आलो आणि नजर आधी फळीवर गेली. सीतारामचा साचा तिथेच होता. तो मी भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि मग लाज वाटून पुन्हा सरळ केला.

दिवसाआड, कधी दोन दिवसांनी, ठिपके यायचे. प्रार्थनेला सहा-सातजण उरले. तेसुद्धा दारातच बसायचे. शेवटी मी ठरवलं, याचा छडा लावायचा. संध्याकाळी स्वतः देऊळ धुतलं, कोरडं केलं, खिडक्यांना कड्या घातल्या, कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. सकाळी मुद्दाम चांगलं उजाडू दिलं. कुलूप काढलं, चप्पल दारात काढली आणि उंबऱ्यावरून सबंध फरशी नजरेखालून घातली. स्वच्छ होती. मनात म्हटलं, आटोपलं भूत. व्यासपीठापर्यंत गेलो, पूर्वेची खिडकी उघडली. उन्हाची तिरीप आत आली आणि मी वळलो.

दारापासून माझ्यापर्यंत ठिपके होते. ओले, चकाकणारे. शेवटचा माझ्यापासून हातभर अंतरावर.

देवळात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. कुणीतरी माझ्या मागोमाग चालत आलं होतं आणि आता माझ्या अगदी जवळ उभं होतं, असंच मला वाटलं.  प्रार्थना आठवेना. मी भिंतीला धरून, ठिपक्यांवर पाय पडू न देता, बाजूबाजूने दारापर्यंत आलो आणि तसाच अनवाणी बायकांच्या वॉर्डकडे पळत सुटलो. डॉक्टरांकडे न जाता तिकडे का गेलो, हे मला अजून सांगता येत नाही. बहुतेक एवढंच डोक्यात होतं, की या बाईला मी उगाच खाटेला बांधलं.

मावशी खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी धापा टाकत सांगितलं. तुम्ही नव्हतात, माझं चुकलं, देवळात कुणीतरी आहे, ते माझ्या मागून चालतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, वॉर्डच्या दाराकडे बघितलं, जिथून मी आत आलो होतो.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "मागं कुणी न्हाई. पाय वर करा."

मला कळेना.

"उजवा. वर करा."

मी खाटेच्या कडेला पाय टेकला. तळव्याच्या पुढच्या भागात, अंगठ्याच्या मुळाशी, एक भोक होतं. कडेने पांढरं झालेलं, आत लाल. माझं बोट मी त्यात घातलं. काहीच लागलं नाही. दुसऱ्या कुणाच्या पायाला हात लावावा तसं वाटलं. वॉर्डच्या दारापासून खाटेपर्यंत फरशीवर ठिपके होते.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी माझ्या स्वतःच्या जुन्या वहाणेचा तळ सुटला होता. घाईत मी चार खिळे ठोकले होते. धडधाकट माणसाच्या वहाणेला खिळे चालतात. कातड्याच्या रंगाने माझे पाय आणि वहाणा कायम काळ्या-तांबड्या असायच्या, रक्त त्यात दिसलंच नाही. साऱ्या धामाचे तळवे मी रोज तपासत होतो आणि स्वतःचे एकदाही नाही. सरसाचे फोड आले तेव्हाही दुखलं नव्हतं ते मी सोसलं म्हणून नव्हे.

मावशींना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या सकाळी डॉक्टरांना बोलवायला मी व्यासपीठावरून त्यांच्या शेजारून दाराकडे गेलो तेव्हा त्यांच्या लुगड्याजवळ एक ताजा ठिपका उमटला होता, हे त्यांनीच सांगितलं. हे कळल्यावर मी काय करावं? मी त्यांच्यावर ओरडलो. वॉर्डातल्या सगळ्या बायकांसमोर. ठाऊक होतं तर बोलला का नाहीत, इतक्या दिवसांत माझं हाड सडलं असेल, तुमच्या मुलाचं लग्न बुडालं, हा कसला चांगुलपणा?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुमी लपवताय. मी सात वर्सं लपवलं हुतं. तुमचं लगीन ठरल्यालं. रोज आमाला पाय बघा म्हणताय, मंजी सोताचं बघतच आसाल, आसं धरलं मी." सूप पुन्हा मांडीवर घेत त्या म्हणाल्या, "चुकलं माजं. लपवणाऱ्याला लपवू द्यायचं नस्तंय."

पुढचं थोडक्यात. तपासणीत रोग निघाला. हाडापर्यंत गेलं होतं, उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. रहिमतपूरहून चार ओळींचं पत्र आलं, त्यांना मी दोष देत नाही. मी पुरुषांच्या वॉर्डात प्लास्टर घालून पडलो, ज्यांना मी झापायचो त्यांच्यामध्ये. दोन महिने मी प्रार्थनेचा शब्द तोंडातून काढला नाही. पाळक आले की भिंतीकडे तोंड करायचो. भट्टीतल्या सोन्याचं कुणी काढलं असतं तर मी हातातलं भांडं फेकून मारलं असतं. ज्याने जन्मभर तुझी सेवा केली त्याला हे, असं मी देवाला रोज ऐकवत होतो. जन्मभर म्हणजे सहा वर्षं.

मावशींचं प्लास्टर माझ्याआधी निघालं. त्या रोज संध्याकाळी वॉर्डच्या व्हरांड्यात माझ्या खाटेशी येऊन बसायच्या आणि माझा मोकळा पाय बघायच्या. मला स्वतःला बघवत नव्हतं. त्या आरसा धरून, नीट उजेडाकडे फिरवून बघायच्या आणि जायच्या. उपदेश केला नाही. एकदाच, मी पुन्हा कुरकुरत होतो की मी कधी तक्रार केली नव्हती, एवढा चटका सोसला होता, तेव्हा म्हणाल्या, "दुखत न्हाई मंजी सोसलं, आसं नस्तंय मास्तर. ज्याला दुखतंय त्योच सोसतोय." आणि पदराने आरसा पुसून पिशवीत ठेवला. त्यांना कुठे दुखत होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पाचगणीचं लग्न होऊन महिना झाला होता.

त्या रात्री मी दाविदला पत्र लिहिलं. सगळं, काही न लपवता. उत्तर आलं नाही. मावशींनी विचारलंही नाही.

मी कामावर परत आलो तो रोगी म्हणूनच. स्वतःच्या पायाचा साचा स्वतः घेतला आणि फळीवर सीतारामच्या शेजारी ठेवला. स्वतःसाठी काळ्या रबराचा जोड शिवला. पहिल्या दिवशी देवळाच्या दारात हात सवयीने चपलेकडे गेला, आणि मी तसाच चपला घालून आत गेलो. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. हवालदारांनी फक्त सतरंजीवर थोडं सरकून जागा दिली. मी नंतर कुणाला झापलं नाही असं म्हणणार नाही. स्वभाव असा एका प्लास्टरने जात नाही. पण झापायच्या आधी मी स्वतःचा तळवा वर करून दाखवू लागलो, आणि मग झापण्यात पूर्वीसारखी गंमत राहिली नाही.

दशक संपता संपता राहेलमावशी गेल्या. न्यूमोनिया झाला होता, चार दिवसांत आटोपलं. अंगावर पांढरं लुगडं आणि पायात डाळिंबी पट्ट्यांचा तो जोड होता. त्या तो फक्त देवळात घालायच्या. मी त्याचे तळ दोनदा बदलले होते, पट्टे तेच होते.

सकाळी दहाच्या सुमारास पेटी देवळात ठेवलेली असताना एक तिशीच्या आतला जाडसर माणूस दारात येऊन उभा राहिला. कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती, कपाळ मावशींचं होतं. तो आत येईना. मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "तुमचं पत्र मिळालं हुतं मला. मला वाटलं, तिनंच लिवून घेतलंय. यायचं नव्हतं म्हणून सबब."

मी दारातल्या पायरीवर बसलो, उजवी चप्पल काढली आणि पाय त्याच्यासमोर धरला. दोन बोटांची रिकामी जागा आणि तळव्यातला तो खड्डा. त्याने बघितलं. खाली वाकून पुन्हा बघितलं. मग पायरीवर माझ्याशेजारी बसला आणि तोंडावर रुमाल दाबून धरला.

पेटी बंद करायची वेळ झाली. पाळकांनी विचारलं, चपला असू द्यायच्या का. मी नाही म्हटलं. देवाच्या घरात पायताण घालून बसायला जीव धजत नाही, हे त्यांनी मला सतरा वेळा सांगितलं होतं आणि मी सतरा वेळा गप्प केलं होतं. आता डॉक्टरांचा हुकूम संपला होता.

एक चप्पल मी काढली, एक दाविदने. सवयीप्रमाणे मी दोन्ही तळवे उजेडाकडे वळवून बघितले. दोन्ही कोरडे होते, कुठे साधा ओरखडाही नव्हता. मी दाविदला म्हटलं, "तूही बघ." त्याने बघितलं, आणि मग आम्ही पेटी मिटली.